ठणठणीत

पावसाला यायचं काहीच कारण नव्हतं. मिठागरावरचा तो भर हंगामाचा कडक महिना. वारा कोरडा, वाफ्यांत मीठ धरलेलं, आणि बांधावर ओढून ठेवलेले ढीग गाडीची वाट बघत बसलेले. अशात एका दुपारी आभाळ भरून आलं आणि बरसायला लागलं ते थांबेचना. ढिगांवर टाकायच्या ताडपत्र्या मुकादमाच्या खोलीत कुलपात होत्या, आणि मुकादम किल्ली खिशात घालून सासुरवाडीला गेला होता. कुलूप फोडावं की फोडू नये यावर चर्चा होईपर्यंत मीठ वाहून गेलं.

पाऊस उघडला तसे सगळे बांधावर जमले. कमरेएवढे ढीग गुडघ्यावर आले होते आणि उरलं होतं तेही मळकट. वाफ्यांचा तळ फुगून त्याचा चिखल झाला होता. एकाने मुकादमाच्या सासुरवाडीचा उद्धार केला, दुसऱ्याने त्यात भर घातली. दोघी-तिघी बायका तिथेच बांधावर खाली बसल्या.

खुंटा आपल्या लांब दांड्याच्या फळीवर हनुवटी टेकून उभा राहिला. ज्या फळीने त्याने हंगामभर मीठ ओढलं होतं तिला आता ओढायला काही नव्हतं. त्याने वाट पाहिली. राग येईल, रडू येईल, निदान एखादी शिवी तरी तोंडात येईल. काहीच आलं नाही. समोरचं नुकसान दुसऱ्या कुणाचं तरी असावं आणि आपण रस्त्याने जाताना सहज थांबलो असू, असं त्याला वाटत राहिलं.

"काय करायचं आता?" त्याच्या बायकोने विचारलं. ती पाटी घेऊन आली होती. मीठ वाहून न्यायची पाटी, सवयीने उचललेली.

"वाफे बांधायचे," तो म्हणाला.

उत्तर बरोबर होतं. पण ती त्याच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

खुंटा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते क्लबात पडलं. मिठागरावरच्या माणसांचा रस्सीखेचीचा क्लब होता. एक पत्र्याची शेड, एक जाड दोर, पाण्याचा एक पिंप आणि खाडीकडचं मैदान, एवढीच त्याची इस्टेट. आठ गडी दोर ओढायचे आणि आठवा, सगळ्यात मागचा, हा. दोर त्याच्या काखेखालून निघून पाठीवरून दुसऱ्या खांद्यावर यायचा, कमरेला रुंद चामडी पट्टा असायचा, आणि एकदा टाचा रोवल्या की तो हलायचा नाही. वीटभट्टीवाल्यांच्या संघाने एकदा त्याला हलवलं होतं, पण त्या दिवशी त्याला ताप होता. बाहेरची माणसं त्याला क्लबातल्या नावानेच ओळखायची आणि घरी बायकोसुद्धा शेजारणींशी बोलताना 'आमचा खुंटा' म्हणायची. त्याच्यासमोर मात्र 'अहो'.

वाफे पुन्हा बांधायचे म्हणजे चिखल तुडवायचा. पाणी काढून टाकायचं, तळ जरा आवळला की सगळ्यांनी एका रांगेत उभं राहायचं, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकायचा आणि टाचेने दाबत दाबत पुढे सरकायचं. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, मग आडवं, मग पुन्हा उभं. तळ दगडासारखा झाल्याशिवाय मीठ पांढरं धरत नाही. उन्हात ही रांग पुढेमागे होत राहते आणि पायाखालचं खारं पाणी बोटांच्या बेचक्यांतून चावत राहतं.

खुंट्याच्या एका अंगाला त्याची बायको आणि दुसऱ्या अंगाला जावई. जावई म्हणजे गावच्या शिंप्याचा जावई. सासऱ्याच्या घरी राहायला आला, सुईत दोरा काही जाईना, म्हणून मिठागरावर आला. एका घरचा जावई सगळ्या गावाचा झाला आणि त्याची थट्टा करायचा हक्क सगळ्या गावाला मिळाला.

"जावईबापू, हळू. पाय दुखले तर सासूबाई आम्हाला विचारतील," मागून कुणीतरी म्हणालं.

"सासूबाईंना माझे पाय दुखलेले आवडतात," जावई म्हणाला.

रांग हसली. खुंट्यालाही कळलं की हे हसण्याजोगं आहे. त्याने ओठ ताणले. तेवढ्यानेही दमायला झालं.

दुपारी सावलीत बसल्यावर बायको एकदम म्हणाली, "अहो, पाय बघा."

त्याच्या टाचेत शिंपल्याचा तुकडा रुतला होता आणि आजूबाजूचा चिखल लाल झाला होता. मिठागरावर पाय निबर होतात, हे खरं. पण निबर पायालाही शिंपला कळतो. तिने तो नखांनी उपसून काढला. बोटाच्या पेराएवढा होता.

"दुखलं नाही?"

"नाही."

"आता? मी दाबतेय."

"कळतंय," तो म्हणाला. कळत होतं खरं, पण लांबून.

त्या आठवड्यात तिने एक गोष्ट केली. संध्याकाळच्या भाजीत तिने मीठ घातलं नाही, मुद्दाम. ताटं वाढली आणि ती त्याच्याकडे बघत बसली. पहिला घास मुलीने घेतला. मुलगी शाळेत जायची, फटकळ होती.

"आई, मीठ कुठाय? मिठागरावर राहून भाजी अळणी?"

"गप जेव," आई म्हणाली.

खुंट्याने ताट पुसून खाल्लं. हात धुतला. "चांगली झाली होती," म्हणाला. ते त्याने बायकोला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं, कारण पूर्वी तो असं म्हणायचा, हे त्याला आठवत होतं. बायको उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. एवढी भांडी त्या घरात नव्हतीच.

संध्याकाळी सराव असायचा. हंगाम बुडाला तरी सराव बुडाला नव्हता, उलट माणसं जास्त नेमाने येत होती. घरी बसून करायचं काय. सराव घ्यायला पोस्टमनकाका. टपाल वाटून निवृत्त झालेले, अंगाने काडी, पण आवाज असा की खाडीपलीकडची कुत्री भुंकायची. धर, ताण, बस, खेच, हे चार शब्द ते असे ओरडायचे की पाय आपोआप ऐकायचे.

दोर उचलण्याआधी एक हजेरी व्हायची. ती गेल्या वर्षी सुरू झाली.

गेल्या वर्षी रेडिओ गेला. रेडिओ सातवा गडी, खुंट्याच्या अगदी पुढचा. दिवसभर तोंड चालू म्हणून हे नाव. एका संध्याकाळी सराव करून, सगळ्यांना हसवून तो घरी निघाला आणि घरी पोहोचलाच नाही. सकाळी खाडीचं पाणी अडवणाऱ्या दाराजवळ बांधावर त्याच्या चपला दिसल्या, शेजारी शेजारी नीट काढून ठेवलेल्या. पाय घसरला म्हणावं, तर चपला असं म्हणू देत नव्हत्या. त्यानंतर दवाखान्यातली सिस्टर क्लबात येऊन गेली. एकमेकांना विचारत जा, असं तिने सांगितलं. कसा आहेस, मन कसं आहे, हे विचारायला लाजू नका. मंडळींनी खाली माना घालून ऐकलं. काका कामाचा माणूस. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून अंमल सुरू केला. रांगेपुढे उभे राहून ते एकेकाला विचारायचे, "कसा आहेस?" आणि गड्याने छाती काढून उत्तर द्यायचं, "ठणठणीत." एक, दोन, तीन करत हे ठणठणीत शेवटपर्यंत यायचं. कोणाचा आवाज बारीक आला तर पुन्हा म्हणायला लावायचे. पोरंटोरं बाहेरून नक्कल करायची. सगळ्यांना वाटायचं, सिस्टरने सांगितलं ते आपण रोज करतोय.

"कसा आहेस?" काकांनी विचारलं.

"ठणठणीत," जावई म्हणाला. तो आता सातवा होता.

"कसा आहेस?"

"ठणठणीत," खुंटा म्हणाला. त्याचा आवाज मुळात जड. त्यामुळे त्याचं ठणठणीत सगळ्यांत भक्कम वाटायचं.

मग दोर काखेखालून पाठीवर आला, पट्टा आवळला, टाचा रुतल्या. "ताण," काका ओरडले आणि दोर जिवंत झाला. दिवसभरात खुंट्याला काही जाणवत असेल तर ते एवढंच. खांद्यावर दोर करकचून बसायचा, सात माणसांचं वजन पाठीतून टाचेत उतरायचं, आणि तेवढा वेळ त्याला आपण कुठे संपतो आणि हवा कुठे सुरू होते ते कळायचं. सराव संपला की पुन्हा सगळं मऊ व्हायचं. त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे, असंच त्याला वाटलं नव्हतं.

बायको काकांकडे जाऊन आली, हे त्याला माहीत नव्हतं. ती त्यांच्या ओट्यावर बसलीसुद्धा नाही. उभ्याउभ्या म्हणाली, "काका, त्यांना काही लागत नाही. चव लागत नाही, शिंपला लागत नाही. मुलगी पहिली आली वर्गात, तर म्हणाले, बरं. रेडिओच्या वेळी कोणाला कळलं नाही. मला कळतंय, म्हणून सांगायला आले."

काका तिला रस्त्यापर्यंत सोडायला आले. त्यांना रात्रभर झोप लागली नाही म्हणतात. सकाळी त्यांनी मंडळींना गोळा केलं आणि सगळ्यांनी मिळून विचार केला. या माणसांना सगळ्या दुखण्यावर एकच औषध माहीत होतं. खांदा भरला, आराम. कंबर धरली, आराम. मन दुखलं तरी ते अंगातच कुठेतरी असणार. सिस्टरला विचारावं, असं जावई एकदा म्हणाला. पण तिचा दवाखाना लांब, आणि जावयाचं कोण ऐकतो.

ते आले ते सगळे एकदम आले. सातही गडी आणि काका, आंघोळ करून, केस विंचरून. फळांची एक पिशवी होती. ती प्रत्येकाने दुसऱ्याच्या हातात देत देत दारापर्यंत आणली होती. घरात खुर्ची एकच. ती काकांना. बाकीचे भिंतीला टेकून उभे राहिले आणि खोलीत उजेड राहिला नाही. शेजारच्या खिडक्यांत डोकी दिसायला लागली.

"मग," काका म्हणाले, "कसा आहेस?"

"ठणठणीत," खुंटा म्हणाला.

"हो ना. असणारच. असणारच तू," काका म्हणाले आणि बाकीच्यांनी माना हलवल्या.

"पाऊस फार झाला," एक जण म्हणाला.

"फार."

"आमच्या मेहुण्यालाही असंच झालं होतं. त्याने कोंबड्या पाळल्या. आता मजेत आहे."

"कोंबड्या मजेत आहेत की मेहुणा?" जावई म्हणाला. काकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो गप्प झाला.

काकांनी घसा साफ केला. "हे बघ, आम्ही ठरवलंय. तू थोडे दिवस विश्रांती घे. सराव नको, दोर नको. डोक्याला ताण नको. शेवटच्या जागेवर जावई उभा राहील, शिकेल हळूहळू. तू बरा झालास की जागा तुझीच. तुझी जागा कोण घेणार? पण आत्ता आराम कर."

खुंट्याने बायकोकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीत उभी होती आणि तिला हे असं व्हायला नको होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. पण काय व्हायला हवं होतं ते तिलाही सांगता आलं नसतं.

"बरं," तो म्हणाला.

"पट्टा तेवढा..." काका पुटपुटले. "जावयाला लागेल."

पट्टा खुंटीला होता. खुंट्याने तो काढला, बक्कल पुसलं आणि जावयाच्या हातात दिला. जावयाने तो दोन्ही हातांनी धरला. त्याचे कान लाल झाले होते. मंडळी निघाली तेव्हा प्रत्येकाने खुंट्याच्या खांद्यावर हात ठेवला, एकामागून एक, मयताच्या घरून निघताना ठेवतात तसा. रस्त्यावर गेल्यावर त्यांनी मोठा श्वास सोडला. आपल्या हातून एक चांगलं काम झालं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

मुलगी फळं धुऊन घेऊन आली. "बाबा, तुम्हाला काढून टाकलं?"

"आराम दिला," तो म्हणाला.

त्यानंतरच्या संध्याकाळी त्याला कळेना की हातांचं काय करावं. तो ओट्यावर बसायचा. मैदान तिथून दिसायचं नाही, पण काकांचा आवाज यायचा. धर, ताण. त्याच्या टाचा जमिनीत दबायच्या. मग खेच, आणि दोर कुठेच नसायचा. लोक येता-जाता "आराम चाललाय का?" विचारायचे. तो "हो" म्हणायचा. बायको त्याच्याजवळ येऊन बसायची, काही विचारायला तोंड उघडायची आणि मग तांदूळ निवडायला घ्यायची. सकाळी तो कामावर जायचा, चिखल तुडवायचा. पण रांगेतसुद्धा लोक आता त्याच्या खांद्यावर हात ठेवताना हलका ठेवायचे. वजन टाकायचे नाहीत. तो फुटेल अशी त्यांना भीती होती.

वाफे तयार झाले. आता भरतीचं पाणी आत घ्यायचं. खाडीवर लाकडी दार आहे, ते उचलायचं, पाणी पाटात चढलं की पाडायचं. ही पाळी एकट्याने करायची. मुकादमाने त्या दुपारी खुंट्याला पाठवलं. हलकं काम आहे म्हणून. मुकादमही आता समजूतदार झाला होता.

खुंट्याने दार उचललं. पाणी आत यायला लागलं, भुरकं, गरगरत. बांधावर चिटपाखरू नव्हतं. तो काठावर बसला. पाण्याच्या आवाजाने त्याला बरं वाटलं. डोक्यात दु:ख नव्हतं, हे नंतर त्याने सिस्टरला सांगितलं तेव्हा तिला ते पटलं. फक्त दिवसभर वाहिलेली पाटी खाली ठेवावी तसं काहीतरी ठेवून द्यावं, असं वाटत होतं. त्यात काही अवघडही वाटत नव्हतं. ओट्यावर बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

बऱ्याच वेळाने त्याची नजर शेजारी गेली. त्याने चपला काढल्या होत्या. कधी काढल्या ते त्याला आठवेना. त्या शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या, टाचेला टाच लावून, देवळाबाहेरही तो कधी इतक्या नीट काढत नसे.

तो त्या चपलांकडे बघत राहिला. आणि मग त्याच्या आत काहीतरी हललं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा हललं आणि ते होतं भय. निव्वळ, गार भय, पायांपासून वर चढत येणारं. त्याने हात लांब करून चपला ओढल्या, उलट्यासुलट्या पायांत घातल्या, दार खाली पाडलं आणि चालायला लागला. मागे वळून बघायची त्याची छाती झाली नाही. पाट अर्धाच भरला होता.

घर जवळ होतं, पण घरी या वेळी कोणी नसायचं. बायको आठवडी बाजारात, यायला अंधार होणार, मुलगी शाळेत. रिकाम्या घरात जायचं त्याला धाडस होईना. तो मैदानावर गेला. शेडच्या कडेला दोराच्या वेटोळ्यावर बसून राहिला आणि सरावाला माणसं यायची वाट बघत राहिला. ऊन कलायला फार वेळ लागला.

मंडळी आली. खुंट्याला बघून थबकली. जावयाने पट्टा पाठीमागे लपवला.

"अरे, तू इथे?" काका म्हणाले. "आराम करायचा ना. आपलं ठरलंय."

खुंटा उभा राहिला. त्याला वाटलं होतं की बोलायला पुष्कळ शब्द लागतील.

"काका, मी आज दारावर चपला काढून ठेवल्या होत्या."

कोणाला काही विचारायची गरज नव्हती. एक जण सावकाश खाली बसला. काकांचं तोंड उघडं राहिलं. खाडीपलीकडे ऐकू जाणारा तो आवाज त्यांना सापडेना.

"पट्टा," काका शेवटी म्हणाले, "जावई, अरे तो पट्टा दे त्याचा. दे आधी. घे बाबा, तुझी जागा घे, तू ये रोज..."

"पट्टा नको, काका."

"मग काय देऊ? सांग ना. काय हवंय ते सांग."

"मला माहीत नाही," खुंटा म्हणाला. "पण आज मला एकट्याला सोडू नका."

शेवटी जावईच हलला. त्याने पट्टा जमिनीवर टाकला, खुंट्याच्या दंडाला धरलं, घट्ट, सगळं वजन टाकून, आणि म्हणाला, "मिठाचा टेम्पो मोकळा उभा आहे. सिस्टरकडे जाऊ. मी मागेच म्हणालो होतो." या वेळी त्याचं ऐकलं गेलं.

सगळे टेम्पोत चढले. जाता जाता एकाला उतरवून बाजाराकडे पिटाळलं, बायकोला निरोप द्यायला. निरोप काय द्यायचा त्यावर वाद झाला आणि नुसतं 'दवाखान्यात ये, जिवंत आहे' असं ठरलं. त्या निरोपाने बाई अर्धी होईल हे कोणाच्या लक्षात आलं नाही. बाकीचे दवाखान्यात शिरले ते सरावाच्या जड बुटांनी, सगळी फरशी चिखलाची करत. सिस्टरने सगळ्यांना बाहेर काढलं, बूट काढायला लावले आणि बाकावर बसवलं. खुंट्याला एकट्याला आत घेतलं.

"कसे आहात?" तिने विचारलं.

त्याचं तोंड ठणठणीतचा ठ म्हणायला वळलं. मग तो थांबला. ती वाट बघत बसली. पंखा फिरत होता. बाहेर बाकावर कोणीतरी खोकलं. तिला घाई नव्हती, आणि आपण काही बोललो नाही तरी ही बाई उठून जाणार नाही, हे त्याला हळूहळू कळलं.

"मरायचा विचार आला होता?" तिने विचारलं. ताप आहे का विचारावं तसं सरळ.

इतक्या दिवसांत हा शब्द कोणी तोंडातून काढला नव्हता. "हो," तो म्हणाला. आणि मग रेडिओबद्दल बोलला. त्याला वाटलं होतं आपण पावसाबद्दल बोलू. "मी सगळ्यांना सांगायचो, की मला दोरातून माणूस कळतो. कोण दमलाय, कोण चोरतोय, कोणाचं घरी भांडण झालंय. त्या संध्याकाळी तो माझ्या पुढे होता. हातभर पुढे. मला काही कळलं नाही, सिस्टर. नेहमीसारखाच ओढत होता."

"दोरातून नाही कळत ते," ती म्हणाली. "विचारावं लागतं. विचारूनसुद्धा कधी कधी कळत नाही."

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. यावं असं मात्र त्याला वाटलं. तिने सांगितलं, की मोठ्या दवाखान्यात यासाठीचे डॉक्टर आहेत, उद्या ती स्वतः बरोबर येईल. गोळ्या असतात, बोलणं असतं, वेळ लागतो. सराव हवा असेल तर करावा, फक्त त्यावर भागणार नाही. मग तिने विचारलं, "आज घरी कोण असेल?"

"बायको. मुलगी."

"बायकोला माहीत आहे?"

"नाही."

"ते आज सांगायचं. मी सांगू की तुम्ही सांगाल?"

"मी," तो म्हणाला.

बायको धावत आली होती. केस सुटले होते, एका हातात अजून बाजाराची पिशवी. बाकावरच्या माणसांपैकी एकही तिच्याकडे बघायला तयार नव्हता. तिने त्यांना काही विचारलं नाही. दवाखान्याच्या मागे पिंपळाचा पार होता, तिथे ती दोघं जाऊन बसली. मंडळी लांब उभी राहिली, पण गेली नाहीत.

त्याने सांगितलं. दार, पाणी, चपला. फार थोड्या शब्दांत सांगून झालं. ती ऐकत होती आणि पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती, बोट पांढरं पडेपर्यंत.

"म्हणजे आम्हाला सोडून जायचं होतं," ती म्हणाली.

"तुमचं काही मनात नव्हतं. कोणाचंच नव्हतं."

"हे जास्त वाईट आहे."

"हो."

ती रडली. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. हात नीट ठेवला जात नव्हता, पण त्याने तो काढला नाही. थोड्या वेळाने तिने नाक पुसलं आणि त्याच्याकडे वळली.

"आता वाटतंय मरावं असं? खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून सांगू नका."

त्याने विचार केला. खरंच विचार केला, आत उतरून बघितलं.

"आत्ता नाही," तो म्हणाला.

"आणि उद्या?"

"उद्याचं मला माहीत नाही."

तिने मान हलवली. हे उत्तर तिला आवडलं नव्हतं, पण त्यात लबाडी नव्हती, आणि बऱ्याच दिवसांत तो तिच्याशी असं पहिल्यांदाच बोलला होता.

"मग मी उद्या विचारीन," ती म्हणाली. "परवा पण विचारीन. कंटाळलात तरी विचारीन."

"विचार," तो म्हणाला. आणि ती उठायला लागली तेव्हा तिच्या मनगटाला धरून पुन्हा म्हणाला, "विसरू नकोस."